आई येईपर्यंत जागा धर

थेरगावात डांगे चौकापासून थोडं आत गेलं की एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं सुपरमार्केट होतं. तिथल्या दोन नंबरच्या काउंटरला मी काही वर्षं बिलं केली. लग्नानंतर लातूरकडून इकडे आलेली मी. नवरा महाळुंग्याला कंपनीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. मुलगी शाळेत जायला लागली तसं मला घरात करमेना, म्हणून ही नोकरी धरली. सुरुवातीला मी "पिशवी लागायलीय का?" असं विचारलं की गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसायची. पुढं माझी भाषा इथल्यासारखी झाली. रांगेतली माणसं मात्र होती तशीच राहिली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काउंटरवर सगळा वेळ मशीन खातं. मशीन बिचारं एकदा टुक करतं आणि मोकळं होतं. वेळ जातो तो भलतीकडेच. कोणी वांगी-टोमॅटो वजन न करताच घेऊन येतो. "स्टिकर कुठंय?" विचारलं की भाजीच्या कोपऱ्याकडे वळून असं बघतो, जणू स्टिकर तिथून चालत येणार आहे. कोणी सगळा वेळ कानाला फोन लावून उभा. मी विचारायचं "पिशवी?" आणि त्याने नुसत्या भुवया उडवायच्या. त्या भुवयांचा अर्थ हो की नाही, हे त्याच्या घरच्यांना तरी कळत असेल का, देव जाणे. पिशवी नको म्हणून ठणकावून सांगणारे लोक बिल छापून झालं की सामानाच्या ढिगाकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "एक देऊनच टाका." मग त्या एका पिशवीचं वेगळं बिल. पॉइंट जमा करायला मोबाइल नंबर विचारला की बायको म्हणते ह्यांचा लावा. ह्यांचा लागत नाही. मग जुना लावा. जुनं सिम दिराकडे असतं, आणि त्यावर आलेला आकडा विचारायला दिराला फोन लागतो, आणि दीर सेकंड शिफ्ट करून झोपलेला असतो. फोनवरून पैसे देणारे काहीजण सगळं सामान पिशवीत नीट रचून झाल्यावरच खिशात हात घालतात, आणि मग रेंज शोधत दारापर्यंत जातात. आम्ही इकडे त्यांच्या पाठीकडे बघत बसायचं.

ह्या सगळ्याचं मला हळूहळू काही वाटेनासं झालं. एकाच सवयीपुढे मी हात टेकले. ती म्हणजे रांगेत जागा धरून ठेवायची आणि आपण दुकानभर फिरायचं. लोक टोपली ठेवून जायचे, हेल्मेट ठेवून जायचे. एका जावयाने तर सासूबाईंना उभं केलं होतं. त्यांना ऐकू कमी यायचं. पुढची माणसं सरकून बिल करून घरी गेली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि मागच्या लोकांना वाटलं मशीन बंद पडलं. शेवटी मी काउंटर सोडून गेले आणि त्यांचा हात धरून त्यांना पुढं आणलं. त्यांना वाटलं दुकानाने काही बक्षीस दिलंय. खूप आनंदाने आल्या.

पण मला सांगायचं आहे ते दर रविवारी सकाळी येणाऱ्या दोन बायकांबद्दल. एक थेरगावच्याच, जुन्या गावकीतल्या. जमिनीवर इमारती उठल्या तरी बोलणं तसंच राहिलेलं, चालही तशीच, शेताला निघाल्यासारखी. दुसऱ्या कोकणातल्या. त्यांचे यजमान पिंपरीच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. मी मनात त्यांना गाववाल्या काकू आणि कोकणातल्या काकू म्हणायचे. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. रांगेतून नाहीसं व्हायचा गुण मात्र दोघींत सारखा होता.

गाववाल्या काकू विसरायच्या. ट्रॉली काउंटरला लागली, पहिली वस्तू मी उचलली, की त्यांना हटकून काहीतरी आठवायचं. "अगं बया, जिरं ऱ्हायलंच की," असं म्हणून त्या निघायच्या. जिरं घेऊन आल्या की साबण आठवायचा. कोकणातल्या काकू काही विसरायच्या नाहीत, पण त्यांचा कशावर विश्वास नव्हता. रांगेत उभ्या राहून त्या प्रत्येक पाकिटावरची तारीख चष्मा वर-खाली करून वाचायच्या आणि मग मुलीला म्हणायच्या, "अगो, हे दही परवाचं आहे. मागच्या बाजूला ताजं ठेवलेलं असतं ह्या लोकांनी. तू जागा धर, मी आलेच." आणि त्या फ्रीजच्या तळात हात घालायला जायच्या.

गाववाल्या काकूंसोबत त्यांचा मुलगा असायचा. महाळुंग्याकडेच एका कंपनीत मेंटेनन्सला होता. कोपरात हेल्मेट अडकवून ट्रॉलीला टेकून उभा राहायचा, तोंडातून शब्द नाही. कोकणातल्या काकूंची मुलगी तळेगावला एका कंपनीत क्वालिटीला होती, स्कूटीवर ये-जा करायची. ती कानात इअरफोनची बोंडं घालून उभी असायची. दोघंही चांगली नोकरी करणारी, मोठी माणसं, पण रविवारी सकाळी आईच्या ट्रॉलीचे पहारेकरी.

एका रविवारी दोघं एकाच वेळी माझ्या काउंटरला पोचली आणि दोघांच्याही आया गायब.

"घेऊ का सामान?" मी मुलाला विचारलं.

"आई येतेय, ताई. काहीतरी आठवलंय तिला."

मी मुलीकडे बघितलं. तिने कानातली बोंडं काढली. "माझी पण येतेय."

मागं रांग होती. मी म्हटलं, मग थोडं बाजूला होऊन मागच्यांना येऊ द्या. तशी दोघं आपापल्या ट्रॉल्या घेऊन चॉकलेटच्या रॅकपाशी सरकली. मी बिलं करत होते, पण माझे कान काही बंद नव्हते.

बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "तुमच्या आई काय आणायला गेल्यात?"

"तारीख बदलायला."

"कसली?"

"दह्याची," ती म्हणाली. "तुमच्या?"

"ते तिलाच अजून माहीत नाही. रॅकपुढे उभी राहिली की आठवेल."

ती हसली. तोही हसला. मग दोघं आपापल्या ट्रॉलीतल्या सामानाकडे बघायला लागली.

तेवढ्यात दोन्ही आया दोन बाजूंनी आल्या आणि दोन्ही ट्रॉल्या एकदमच काउंटरला भिडल्या.

"माझं पोरगं कवाचं उभं हाय," गाववाल्या काकू म्हणाल्या.

"आमची मुलगी त्याच्याही आधीपासून उभी आहे," कोकणातल्या काकू म्हणाल्या.

"हितं आमचं वावर हुतं. जोंधळा व्हायचा. ह्या काउंटरच्या जागी बांध हुता आमचा. मला नगा सांगू आधी कोन आन् मागनं कोन."

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, आता वावर नाही, लाइन आहे."

मग दोघींनी आपापल्या पोरांना साक्षीला घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, त्या आधी होत्या." मुलगी म्हणाली, "नाही आई, ते आधी होते." दोघींनीही आपल्या लेकरांकडे असं बघितलं की घरी गेल्यावर यांचं काही खरं नाही. शेवटी मी जी ट्रॉली हाताला आली तिचं बिल करायला घेतलं आणि वाद तिथं मिटवला. मिटला असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी दोघी पुन्हा आल्या, पोरांसकट. दुकानात चार काउंटर असताना दोन्ही ट्रॉल्या माझ्याच रांगेत. मला आधी वाटलं योगायोग. मग एकदा बघितलं तर गाववाल्या काकूंचं सामान मशीनवर यायला लागलं होतं, आणि नवल म्हणजे त्या दिवशी त्यांना काही आठवलं नव्हतं. तेव्हा मुलगाच म्हणाला, "आई, हिंग घेतलास का?"

काकूंनी एकवार त्याच्याकडे बघितलं. "न्हाई. आनते." आणि गेल्या.

मागं मुलगी आईला म्हणाली, "आई, पनीरची तारीख बघितलीस?" कोकणातल्या काकूंना तेवढं पुरे होतं. त्या पनीर घेऊन तातडीने निघाल्या. दोघं पुन्हा चॉकलेटच्या रॅकपाशी. मला सगळा प्रकार कळला, आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. रोज तीच बिलं, त्याच पिशव्या. त्यात हे काहीतरी निराळं चाललं होतं. पण त्यानंतर दर रविवारी हेच सुरू झालं. कधी हिंग, कधी धूप, कधी ब्रेडची तारीख. आया जायच्या, ही दोघं कडेला बोलत उभी, आणि अर्धवट झालेलं बिल माझ्या स्क्रीनवर तसंच लटकलेलं. एक बिल अडकलं की मागचं करता येत नाही. ते बाजूला ठेवायचं तर सुपरवायझरला हाक मारायची, त्याने येऊन कार्ड लावायचं, आणि तो रविवारी कधीच जागेवर सापडायचा नाही.

आमचा सुपरवायझर साताऱ्याकडचा, कायम घाईत. एक दिवस तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, रविवारी तुमचीच लाइन का तुंबते? एक नंबर बघा कसा पळतोय."

मी म्हटलं, "माझ्याकडे गिऱ्हाइकं विसरभोळी येतात."

"मग त्यांना आठवण करून द्या," तो म्हणाला आणि पळाला.

म्हणून मग पुढच्या रविवारी, दोन्ही काकू आत गेल्यावर, मी त्या दोघांना जवळ बोलावलं. "हे बघा, दुकानाच्या कडेला चहाची टपरी आहे. चहा बरा असतो. काय बोलायचं ते तिथं बोला. माझ्या लाइनीवर दया करा."

मुलगी लाजून खाली बघायला लागली. मुलाने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "सॉरी, ताई," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो "गाडी लावून येतो" म्हणून बाहेरच राहायचा, आणि मुलगी "मैत्रिणीला भेटून येते" म्हणून. माझी रांग मोकळी होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आयांकडे आता जागा धरायला माणूस राहिला नाही, पण फिरायची सवय काही गेली नाही. म्हणून त्यांनी टोपल्या ठेवायला सुरुवात केली. दोन टोपल्या रांगेत आणि दोघी दुकानात. मग टोपलीला माणूस धरायचं की नाही, ह्यावर दर रविवारी चर्चा. आणि मुलगा परत आला की काकूंचं वेगळंच, "गाडी लावायला काय तळेगावला गेला हुतास?" तळेगावचं नाव ऐकून त्याचे कान लाल झालेले मी बघितले आहेत.

एकदा महिन्याचा पहिला रविवार होता. पगार झालेले, दुकान भरलेलं. दोघींच्या टोपल्या रांगेत एकामागे एक होत्या आणि त्यांच्या मागं एक धिप्पाड गृहस्थ, दोन्ही हातांत कोल्ड्रिंकच्या बाटल्या. रांग पुढं सरकली तशा त्यांनी दोन्ही टोपल्या पायाने कडेला लोटल्या आणि काउंटरला येऊन उभे राहिले. त्याच क्षणी दोन्ही काकू परत आल्या.

"टोपलीला पाय लावला तुमी?" गाववाल्या काकूंनी विचारलं.

"खाण्याचं सामान आहे त्यात," कोकणातल्या काकू म्हणाल्या. "देवाचा प्रसाद करायचा होता मला त्याचा."

"तांदूळ हायत. लक्ष्मी हाय."

"शिकलेसवरलेले दिसता."

"घरी पन असंच करता का?"

ते गृहस्थ एकीकडे वळले की दुसरीकडून बोलणं यायचं. त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या, दोन्ही टोपल्या स्वतःच्या हातांनी उचलून काउंटरवर ठेवल्या आणि शेवटाला जाऊन उभे राहिले. दोन्ही काकूंनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटतं त्यांनी पहिल्यांदाच एकमेकींना नीट बघितलं.

"तुमी करा आधी," गाववाल्या काकू म्हणाल्या. "मला जरा बडीशेप आनायची हाय. माझ्या टोपलीवर ध्यान ठिवा."

"ठेवते. सावकाश या."

त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या जागा धरायला लागल्या. एक गेली की दुसरी उभी. ती आली की ही जायची. मधल्या वेळात बोलणं. आधी भाव, मग गुडघे, मग भाडेकरू, मग पोरं.

"पोराचं बघतोय आमी," एकदा गाववाल्या काकू म्हणाल्या. "पन त्यो काय बोलंल तर शप्पत."

"आमच्या मुलीचंही तेच. स्थळ सांगितलं की फोनमध्ये बघते."

मी कांद्याचं स्टिकर मशीनपुढे धरलं होतं. मान वर केली नाही. मग कोकणातल्या काकू निघून गेल्यावर गाववाल्या काकू माझ्याकडे वाकल्या. "त्यांची पोरगी बगितलीस का तू? कशी हाय?" आणि पुढच्याच रविवारी कोकणातल्या काकूंनी तेच विचारलं, जरा आडवळणाने. "त्यांचा मुलगा काय हो, नोकरीला कायम आहे का?" मी दोघींनाही सांगितलं, चांगली वाटतात माणसं. त्यावेळी चांगली माणसं बाहेर टपरीवर चहा पीत होती.

आठवड्याच्या मधल्या एका वारी संध्याकाळी मुलगा एकटाच दुकानात आला. अंगावर कंपनीचा टीशर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. रांगेत कोणी नव्हतं.

"ताई, घोळ झालाय."

"काय झालं?"

"आईने स्थळ आणलंय."

"मग?"

"तिचंच आणलंय," तो म्हणाला. "येत्या आठवड्यात बघायला जायचंय म्हणे. आम्ही एकमेकांना ओळखत नाही असं दाखवायचं का? ती म्हणते तिला हसू येईल."

मला तर तिथंच हसू आलं. पण त्याचा चेहरा फार कावराबावरा झाला होता. मी म्हटलं, "भाऊ, बघायला जायच्या आधी आईला सांगून टाक. तिलाही तिच्या आईला सांगायला लाव. पोह्याच्या ताटापुढं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

तो मान हलवून गेला. बिस्किटांचा पुडा काउंटरवरच राहिला.

रविवारी गाववाल्या काकू एकट्या आल्या. सामान मशीनपुढं ठेवत शांतपणे म्हणाल्या, "पोरानं सांगितलं मला."

"मग काय म्हणालात?"

"म्हनलं, मला ठाव हाय. घरात हिंगाच्या डब्यांची उतरंड झालीया. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी हात थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. "कळत होतं तर दर वेळी कशाला जात होता आणायला?"

"घरात त्यो तोंड उघडत न्हाई. हितं उघडत हुता. म्हनलं बोलू दे." त्यांनी पदर खोचला. "तेवढ्यापायी लोकं मागं तिष्ठत ऱ्हायली, ते मातर खरं."

पण कोकणातल्या काकू आल्या नाहीत. त्या रविवारी नाही आणि पुढच्याही नाही. गाववाल्या काकू टोपली घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि दाराकडे बघायच्या. त्यांना काही आठवत नव्हतं असं नाही, पण त्या जायच्या नाहीत. मुलाकडून कळलं ते एवढंच, की तिकडे आई फार दुखावली होती. आपण स्थळ आणलं, मन लावून चौकशी केली, आणि आपल्याला सोडून सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, हे त्यांना लागलं. शिवाय गाववाल्या काकूंचे यजमान माळकरी. घरात मासळीचं नाव नाही. आणि कोकणातल्या काकूंच्या घरी मासळीशिवाय रविवार उगवत नव्हता.

मग एका मधल्याच दिवशी, दुपारी, त्या माझ्या काउंटरला आल्या. टोपलीत फक्त एक दुधाची पिशवी.

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"मला का नाही सांगितलंत?"

"मी काय सांगणार? मी सामानाची बिलं करते. तुमच्या घरातलं मी बोलले असते तर तुम्हालाच आवडलं नसतं."

त्यांनी चष्मा लावला आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला घेतली. दूध त्याच दिवसाचं होतं, तारीख ठळक होती, तरी त्या वाचत राहिल्या. मागं दोन माणसं येऊन उभी राहिली. मी त्यांना खुणेने एक नंबरला जायला सांगितलं. असं आधी मी कधी केलं नव्हतं.

"मुलगा कसा आहे?" त्यांनी पिशवीकडे बघतच विचारलं. "आता खरं सांगा."

मी जरा विचार केला. "काकू, इथं माणूस रांगेत उभा असतो ना, तेव्हा त्याचा स्वभाव दिसतो. मोठी मोठी माणसं बायकोवर खेकसतात, म्हाताऱ्या माणसाला ढकलतात. हा मुलगा कधी आईवर चिडलेला मी बघितला नाही. ती कितीही वेळा परत फिरली तरी. मागच्या माणसाला पुढं जाऊ देतो. तुमची मुलगीही तशीच आहे."

पुढं जाऊ देण्यात त्या दोघांचा स्वार्थही होता, हे मी सांगितलं नाही. ते त्यांनाही समजलं असावं, कारण ओठाच्या कोपऱ्यात त्यांना हसू आलं. त्यांनी दूध घेतलं आणि गेल्या.

त्या रविवारी त्या आल्या. मुलीला बरोबर घेऊन आल्या. गाववाल्या काकू आधीच रांगेत होत्या, मुलगा शेजारी. सगळी रांग नेहमीसारखी कुरकुरत होती.

"तुमी आला न्हाई," गाववाल्या काकू म्हणाल्या. "माझी टोपली लोकांनी लई सरकवली."

"बरं नव्हतं जरा."

"आता बरं हाय?"

"बघायचं," कोकणातल्या काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुमच्याकडे माळ आहे म्हणतात."

"हाय. आमच्या ह्यांच्या गळ्यात हाय. तुमच्या पोरीच्या ताटात न्हाई." गाववाल्या काकू हे इतक्या सरळपणे म्हणाल्या की मुलाने चमकून आईकडे बघितलं. "घरात शिजवू नका म्हनतील ते. बाकी माहेरी जाऊन काय खायचं ते खावं. मी पन लग्नाआधी खातच हुते की. पवना नदीतलं खडक मासं. त्यांना न्हाई ठावं."

शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या, पण रांगेला ऐकू गेलं. मागून कोणीतरी खाकरलं. कोकणातल्या काकूंनी तोंडावर पदर धरला आणि त्या हसायला लागल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. मुलीने पुढं होऊन त्यांच्या हातातली टोपली घेतली.

लग्न ठरलं. घरात काय बोलणी झाली, कोण रुसलं, कोण मानलं, ते मला काउंटरवरून दिसलं नाही आणि मी विचारलंही नाही. मला दिसला तो लग्नाचा बाजार. दोन्ही काकू एकत्र यायला लागल्या, दोन ट्रॉल्या भरून. आणि आता रांग अडायला नवं कारण मिळालं.

"आधी तुमचं होऊ द्या."

"न्हाई न्हाई, तुमी मुलीकडच्या. तुमी आधी."

"तुम्ही मोठ्या आहात."

"मोठी कशाची, वर्साचं अंतर बी नसंल."

मग बिल कोणी द्यायचं ह्यावर ओढाताण. ही तिचा हात धरते, ती हिचा. माझ्या मशीनपुढं दोन फोन एकदम आलेले, आणि दोन्ही एकमेकांना ढकलतायत. साताऱ्याचा सुपरवायझर दुरून बघत होता. तो जवळ येऊन म्हणाला, "ताई, ह्या दोघी भांडायच्या तेव्हा लाइन लवकर सरकायची." ते मला अगदी पटलं.

लग्नाला मी अर्धा दिवस रजा काढून गेले. गाववाल्या काकूंनी मला हाताला धरून पाहुण्यांपुढं नेलं आणि सांगितलं, "ह्या आमच्या दुकानातल्या ताई." त्यापुढं काही सांगितलं नाही. बायकांनी सरकून मला जागा करून दिली, कोणी वऱ्हाडातली नातेवाईक समजलं, कोणी मुलीच्या कंपनीतली. मी पोटभर जेवले. नवऱ्या मुलाने ताटापाशी येऊन आणखी एक जिलेबी वाढली. आता तो बरंच बोलत होता. सगळ्यांशी बोलत होता.

लग्नानंतर दोघं तळेगावला राहायला गेली. तिच्या नोकरीला जवळ, आणि त्याला महाळुंगं तिथूनही बरं पडतं. थेरगावात सासरी-माहेरी आली की ती कधी दुकानात डोकवायची. एकदा आली ती एकटीच. टोपलीत मोजक्या वस्तू, भाजीवर स्टिकर चिकटवलेलं, खांद्याला कापडी पिशवी, फोन हातात तयार. माझं काम चुटकीसरशी झालं.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"छान, ताई. मामंजींना काल मी सोलकढी करून दिली. नारळाची आहे म्हटल्यावर दोन वाट्या प्यायले."

"आणि सासूबाई?"

"त्या शनिवारी माझ्या आईकडे गेल्या होत्या. घरी सांगितलं, मेंदी बघायला जाते म्हणून. मेंदी कुणाच्याच हातावर नव्हती." ती माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, "आईने बांगडा तळला होता. घरी सांगू नका म्हणाल्या."

मी पोटावर हात धरून हसले. मग मी तिला विचारलं, बांगडा त्यांना आवडला का, काटे काढता आले का, वास लपवायला त्यांनी काय केलं. ती सांगत होती, बडीशेप खाऊन आल्या, लिंबाने हात धुतले, तरी रिक्षावाल्याने मागं वळून बघितलंच.

"मॅडम," मागच्या माणसाने आवाज दिला. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. "तुमचं दोघींचं बोलणं संपलं असेल तर माझं एवढं अंड्याचं बघता का?"

मी अंडी घेतली आणि बारकोड शोधायला लागले. ती अजून तिथंच, पिशवी खांद्याला लावत, बांगड्याचं उरलेलं सांगत उभी होती.